अळूच्या ओळीतला चर

आज सकाळपासून आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये घोटाभर पाणी आहे. सावेडीत राहणाऱ्याला त्याचं फारसं नवल नसतं. स्कूटर पायरीवर चढवायच्या, चपला हातात घ्यायच्या आणि चेअरमनच्या नावानं बोटं मोडायची, एवढं केलं की आपलं कर्तव्य संपलं. मीही दुसऱ्या मजल्यावरच्या गॅलरीत चहाचा कप घेऊन तेच करत होते. दसरा होऊन गेला तरी पाऊस जायचं नाव घेत नाही. खालून कुणीतरी ओरडलं, "अहो, पंप आणा पंप!" आणि मला एकदम उसाच्या कुजलेल्या पाचटाचा, आंबलेल्या काळ्या मातीचा वास आला. सावेडीत पाचट कुठून येणार? तो वास तीन वर्षांपूर्वीचा होता, आमच्या शेतातला.

आमचं शेत देवळाली प्रवराच्या अलीकडे, पाटाखाली. ऊस, घास, चार गाई आणि हिवाळ्यात गावठी कांदा. शेत भाऊ बघतो. दत्तू माझ्याहून सहा वर्षांनी लहान. त्याची बायको सुमन बेलापूरची. आणि अण्णा, माझे वडील, तेव्हा ऐंशीला टेकलेले. मी मात्र शिकून शहरात आले आणि बत्तीस वर्षं शाळेत भूगोल शिकवला. काळी मृदा ओलावा धरून ठेवते, पाण्याचा निचरा न झाल्यास पिकाची मुळे कुजतात, हे वाक्य मी फळ्यावर इतक्यांदा लिहिलंय की झोपेत उठवलं तरी खडू मागेन. खोरं कसं धरतात ते मात्र कधी मला विचारू नये.

आमच्याकडे पाण्याबद्दल जे काही बोलणं होतं ते सगळं पाणी आणण्याबद्दल. पाटाचं आवर्तन कधी सुटणार, चारीला पाणी आलं का, पाळी कुणाची, लाईट दिवसाची आहे का रात्रीची. सोयरीक जमवताना मुलाच्या शिक्षणाआधी विहिरीची चौकशी. चांगली जमीन म्हणजे जिथं पाणी सहज पोचतं ती, त्यामुळे जे जे म्हणून नाजूक ते सगळं खालच्या अंगाला, विहिरीजवळ लावायचं. पाणी घालवायचं कसं, हे मी लहानपणी कुणाच्या तोंडून ऐकलेलं आठवत नाही.

आणि अण्णा म्हणजे दारं धरण्यातले उस्ताद. दारं धरायचं म्हणजे एक सरी भरली की खोऱ्यानं मातीचा बांध घालून तिचं तोंड बंद करायचं, पुढच्या सरीचं उघडायचं आणि पाण्याच्या मागं मागं शेतभर हिंडायचं. बाकीच्यांना चार खोरी माती लागायची तिथं अण्णांना दोन पुरायची. वर टाचेनं एक दाब दिला की दारं पक्कं. त्यातून थेंब निसटत नसे. कधी चुकून पाणी फुटून रस्त्यावर गेलं तर अण्णा त्या दिवशी जेवताना कुणाशी बोलत नसत. आई वाढता वाढता आम्हाला डोळ्यांनीच खुणावायची, आज काही मागू नका.

तरीही त्याच शेतात एक चर होता. विहिरीच्या अंगापासून निघून, शेजारच्या रावसाहेबांच्या रानातून थेट ओढ्याला जाणारा. अण्णा आणि आईनं लग्नानंतरच्या एका ओल्या सालात तो खणलेला. पुढं कोरडी वर्षं आली ती ओळीनं आली. रिकामा चर बघून दत्तूच्या पोटात दुखायला लागलं. एवढी चांगली जागा नुसती पडून! एका साली त्यानं नांगराचं एक तास, म्हणजे एक ओळ, आत घेतलं, पुढच्या साली दुसरं. खालच्या अंगानं रावसाहेबांनीही तेच केलं. काही वर्षांत चराच्या जागी उसाच्या तीन सऱ्या डोलायला लागल्या, आणि आपण काही बुजवलंय असं दोघांनाही वाटेना. एकदम कुणी काही केलंच नव्हतं ना!

त्या साली पाऊस परतीचा म्हणून आला आणि परतायचं विसरला. बाजरीच्या कणसांना उभ्याउभ्या मोड आले. चुलीवर वाळत घातलेल्या कपड्यांना धुराचा वास, गाईंच्या खुरांना चिखलाचे मोजे, आणि तोंडापर्यंत भरलेल्या विहिरीत भरदुपारी ओरडणारे बेडूक. भाऊबीजेला गेले तर आकाशकंदिलाला प्लॅस्टिकची पिशवी बांधलेली. चकल्या इतक्या सादळलेल्या की त्या आवाज न करता खाता येत होत्या. दत्तू म्हणाला, "अक्का, यंदा चकली न्हाई, शेव समज."

दर साली ओवाळणीचं ताट तयार ठेवणारी सुमन दारात नव्हती. ती विहिरीजवळच्या कांद्याच्या रोपात उकिडवी बसली होती. वाफ्यांत टाचभर पाणी, आणि त्यातून बोटभर रोपांचे हिरवे शेंडे तेवढे वर आलेले. तिनं एक रोप अलगद उपटलं आणि मुळी माझ्यापुढं धरली.

"बघा ताई, अजून पांढरी हाय. दोन-चार दिस निघतील. मंग काळी पडंल."

"दुसरं टाकता येईल की गं रोप," मी म्हटलं. शहरातली माणसं असं पटकन बोलतात.

"कशाचं टाकू? हेच दुसरं हाय."

मग तिनं सांगितलं. पहिलं रोप पावसानं आधीच कुजलं होतं. दर साली वाण मोडू नये म्हणून ती मूठभर बी राखेत घालून मागं ठेवते, तेही तिनं या वाफ्यांत टाकलं होतं. डोंगळ्यासाठी, म्हणजे बी धरायला, निवडून ठेवलेले कांदे साठवणीच्या चाळीत दमट हवेनं सडले होते. आणि हे बी काही दुकानातलं नव्हे. लग्नात तिच्या आईनं ओटीत नारळाबरोबर एक पुरचुंडी बांधून दिली होती, तिथून ते चाललेलं. कांद्याचं बी वर्षभरापुढं उगवत नाही, त्यामुळे पंचवीस वर्षं दर साली तिनं ते नवं केलं होतं. आता आई नाही, बेलापूरचं घर विकलेलं.

"माझं म्हायेर येवढंच ऱ्हायलंय, ताई," ती पाण्याकडं बघत म्हणाली. रडली नाही. मलाच रडू आलं, आणि ते तिला दिसू नये म्हणून मी चिखलात पाय घसरल्याचं सोंग केलं आणि खरोखरच पडले. त्यावर मात्र ती मनापासून हसली.

पाणी काढायचं तर टाकायचं कुठं? चहूकडं तेच. तिनं दोन दिवस बादलीनं उपसून पाहिलं होतं. संध्याकाळी वाफे रिकामे, सकाळी पुन्हा भरलेले. जेसीबीवाल्यानं फोनवरच सांगितलं, रस्ता सोडून हलणार नाही, रुतलो तर काढणार कोण? तेव्हा तो बुजलेला चरच पुन्हा खणायचा, आणि तोही हातानं.

रावसाहेब आधी त्यांच्या बांधावरून हललेच नाहीत. "तुमचं पानी माझ्यात सोडनार व्हय? आन माझ्या तीन सऱ्या उभ्या हायेत त्या?" मी पुढं होऊन काळ्या मृदेचे गुणधर्म समजावून सांगायला सुरुवात केली. त्यांनी हात जोडून सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "बाई, समदं बरोबर हाय. पन आता शाळा सुटली." मग सुमननं एक शब्द न बोलता त्यांच्याच उसाचं एक बेट हलवलं. ते अख्खं हातात आलं. रावसाहेबांनी मुळीचा वास घेतला, तोंड वाकडं केलं, बेट बांधावर फेकलं आणि खोरं आणायला घरी गेले.

आता प्रश्न असा की चर नेमका होता कुठं? दत्तू म्हणे जरा पलीकडं. रावसाहेब म्हणत जरा अलीकडं. ज्याला त्याला चर दुसऱ्याच्या उसातून जाताना आठवत होता. आवाज चढायला लागले तेव्हा युरियाच्या पोत्याची खोळ डोक्यावर घेऊन अण्णा मागून आले आणि म्हणाले, "भांडता कशापायी? अळू बघा की."

आम्ही उसात शिरलो. खरंच, पात्यांच्या सावलीत मधूनमधून अळूचे ठोंब होते. आईनं चराच्या काठानं लावलेले. दत्तूनं दर साली नांगरले होते आणि दर साली ते उगवले होते. एका ठोंबापाशी उभं राहून पाहिलं की पुढचा दिसायचा, तिथून त्याच्या पुढचा. ओळ वाकडी न होता ओढ्याला जात होती. पोरगी असताना मी आईच्या मागं तिथंच उभी राहायची. ती विळ्यानं पानं कापायची, त्यांवरचं पाणी माझ्या तोंडावर झटकायची आणि म्हणायची, घसा खवखवला तर चिंच कमी पडली समजायचं. आई जाऊन तेव्हा बारा वर्षं झाली होती. त्या दिवशी ती फार जवळ आल्यासारखी वाटली, आणि मी अळूच्या एका पानावर उगाचच हात फिरवून घेतला.

तीन दिवस खणलं. आधी ऊस तोडला, तो गाईंनी सणासारखा खाल्ला. मग खाली चिकण काळी माती. ती खोऱ्याला अशी चिकटायची की एक खोरं उचलायचं आणि दोनदा आपटायचं. पहिल्या तासात माझ्या तळहाताला फोड आले. दत्तू म्हणाला, "अक्का, तू आपली वरनं उतार सांग." तसा मी सांगितला, आणि तो चुकला. बत्तीस वर्षं फळ्यावर पाण्याचा बाण काढणाऱ्या बाईला दहा पावलांत पाणी कुठं वळेल ते कळलं नाही. अण्णांनी चुलीतली राख मागवली, डबक्यात चिमूटभर टाकली, ती जिकडं सरकली तिकडं बोट केलं आणि पुन्हा बांधावर जाऊन बसले. मी त्यानंतर नुसती माती उचलली.

तिसऱ्या दिवशी, दुपारच्या जेवणाआधी, रावसाहेबांच्या अंगाची शेवटची ढेप निघाली. क्षणभर काहीच झालं नाही. मग पाणी हललं. आधी पाचटाचा चुरा सरकला, मग एक खेकडा घाईघाईनं बाजूला झाला, आणि तांबूस पाणी बडबडत ओढ्याकडं निघालं. दत्तूनं टोपी उडवली, ती चरात पडून त्याच्याच आधी ओढ्याला पोचली. रावसाहेब हसून हसून खाली बसले. सुमन वाफ्याच्या काठाशी होती, ती तिथूनच ओरडली, "उतरलं! बोटभर उतरलं!"

आम्ही घरी जाऊन हुलग्याचे शेंगोळे खाल्ले. गरम, झणझणीत, लसणाची फोडणी. रावसाहेबही पंगतीला. तीन दिवसांचं अंग एकदम सैल झालं आणि ज्यानं त्यानं जागा मिळेल तिथं पाठ टेकली. अण्णा तेवढे उठून बाहेर गेले, ते आम्ही पाहिलं आणि त्यात काही विशेष वाटलं नाही.

तासाभरानं सुमनची हाक आली. अशी हाक मी तिच्या तोंडून कधी ऐकली नव्हती. धावत गेलो. वाफे पुन्हा भरले होते, आता शेंडेसुद्धा दिसत नव्हते. आणि चराच्या तोंडाशी एक दारं लागलं होतं. काय दारं होतं म्हणून सांगू! दोन खोरी माती, मध्ये पाचटाची चुंबळ, वर टाचेचा दाब. थेंब निसटत नव्हता. शेजारी खोऱ्यावर रेलून अण्णा उभे. कपाळावर घाम, चेहऱ्यावर केवढं समाधान.

"समदे झोपलात," ते म्हणाले. "पानी फुटून वढ्याला चाललं हुतं. म्यां वळवलं."

ज्या माणसानं चर कुठं आहे ते सांगितलं, राख टाकून उतार दाखवला, त्याच माणसानं तो बांधला होता. डोक्याला सगळं ठाऊक होतं. पण वाहून चाललेलं पाणी दिसल्यावर हात डोक्याला विचारायला थांबले नव्हते. दत्तूचा चेहरा लाल झाला, तो काहीतरी बोलणार तेवढ्यात सुमन पुढं झाली. पंचवीस वर्षांत तिनं सासऱ्यांपुढं डोक्यावरचा पदर ढळू दिला नव्हता की आवाज चढवला नव्हता. आताही चढवला नाही.

"अण्णा, माझं रोप बुडालं," ती म्हणाली. "माझ्या आईचं बी हाय ते."

अण्णांनी वाफ्याकडं पाहिलं. मग दाऱ्याकडं. मग स्वतःच्या हातांकडं, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. दत्तू खोरं घ्यायला पुढं झाला, तर त्याला त्यांनी कोपरानं मागं सारलं. "म्या लावलंय, म्याच काढीन." पण खोरं उचलून ते तसेच थांबले. एवढ्या आयुष्यात भरलेलं दारं त्यांनी कधी ओढ्याच्या बाजूला फोडलं नव्हतं. एक घाव, दुसरा घाव, आणि पाणी फुटलं. ते जाताना बघत ते हळूच म्हणाले, "जा बाबा." मग सुमनला म्हणाले, "पोरी, माझं चुकलं." सुमननं पदर डोळ्यांना लावला. दत्तू आभाळाकडं बघायला लागला. त्या दिवशी आभाळात बघण्यासारखं काहीही नव्हतं.

संध्याकाळपर्यंत शेंडे दिसले, सकाळी वाफ्यांची माती दिसली. पुढचे पंधरा दिवस अण्णा घमेलं पालथं घालून चराच्या तोंडाशी बसले. पाचट अडकलं की काढायचं, ढेप घसरली की उचलायची. रावसाहेब येता-जाता चिडवायचे, "अण्णा, लक्ष ठेवा हां, न्हाईतर परत दारं लावाल!" अण्णा म्हणायचे, "तू आदी तुज्या रानातला गाळ काढ."

निम्मं रोप गेलं. पण निम्मं राहिलं. ते सुमननं एकेक काडी मोजल्यासारखं लावलं, पुढच्या हिवाळ्यात त्यातलेच निवडक कांदे डोंगळ्यासाठी लावले, आणि उन्हाळ्याच्या तोंडाशी त्यांचे पांढरे गोंडे पिकून काळं बी सुटलं. ते घेऊन ती एकटीच एसटीनं सावेडीला आली. पुरचुंडी माझ्या हातात देऊन म्हणाली, "ताई, मूठभर तुमच्याकडं ऱ्हाऊ द्या. तुमचं घर दुसऱ्या माळ्यावर हाय. पानी चढायचं न्हाई." तेव्हापासून दर उन्हाळ्यात जुनी पुरचुंडी परत जाते आणि नवी येते. माझ्या स्वयंपाकघरात सगळ्यांत वरच्या फळीवर, राखेच्या डब्यात ती असते. मला एवढ्या विश्वासानं आजवर कुणी काही सांभाळायला दिलेलं नाही.

तर आज सकाळी चहा संपवून मी आधी स्टुलावर चढले आणि डबा उघडून पाहिला. कोरडा. तेवढ्यात सुमनचाच फोन.

"ताई, बी बरं हाय ना?"

"ठणठणीत. रोप कसं आहे?"

"उंच गादीवाफ्यावर टाकलंय आता. आन चर धो धो वाहतोय."

"अण्णा कुठं आहेत?" मी घाईनं विचारलं.

ती हसली. "घाबरू नका. सकाळीच खोरं घेऊन गेल्ते. रावसाहेबांच्या हद्दीतला गाळ काढून आले. थांबा, देते."

अण्णांना फोनवर ओरडूनच बोलायची सवय आहे. "काय गं, तुमच्याकडं बी लई पाऊस हाय म्हनं?"

"हो अण्णा. पार्किंगमध्ये घोटाभर पाणी आहे."

"मंग ते जातं कुठं?"

"सीना नदीला," मी शाळेतल्या आवाजात सांगितलं.

"नदीला जातं ते मला बी कळतं. तुमच्या आवारातनं निघतं कुठनं?"

मी गॅलरीतून वाकून पाहिलं, कुठंच वाट दिसेना. बारा वर्षं राहतेय इथं. अण्णा म्हणाले, "बत्तीस वर्सं काय शिकीवलंस मंग?" आणि फोन सुमनकडं दिला.

मी साडी खोचली, डब्यातली चिमूटभर राख कागदात घेतली आणि खाली उतरले. चेअरमन, पंप आणि चार-पाच गृहस्थ यांची चर्चा चालू होती. मी पाण्यात उतरून राख टाकली. सगळे माझ्याकडं बघायला लागले. राख जरा घुटमळली आणि मग सरळ कुंपणाच्या कोपऱ्याकडं सरकली. तिथं फरशी होती, फरशीवर स्कूटर.

"इथं गटाराचं तोंड असणार," मी म्हटलं. "कुणी बुजवलं हे?"

चेअरमन मोठे सभ्य गृहस्थ आहेत. ते जरा खाकरले. "बाई, दोन उन्हाळ्यांपूर्वी आपण ठराव केला होता ना. एका स्कूटरची जागा वाढेल म्हणून गटारावर फरशी टाकायचा." आणि आणखी हळू आवाजात म्हणाले, "सूचक तुम्हीच होतात. स्कूटरही तुमचीच आहे."

मी स्कूटर हलवली आणि वॉचमनला टिकाव आणायला सांगितलं. त्यानं तो आणला आणि घाव घालायला लागला, तर त्याला कोपरानं मागं सारून मीच हातात घेतला.